वॉचमनच्या केबिनमधला डीव्हीआर आणि तिघांची टोलवाटोलवी : एक खुले पत्र

प्रति,
ठाणे व नवी मुंबई परिसरातील ब्रॉडबँड आणि केबल इंटरनेट पुरवठादार,
सीसीटीव्ही बसवणारे ठेकेदार,
आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

आपण तिघे एकमेकांपासून वेगळे आहात, आपले व्यवसाय वेगळे आहेत आणि एरवी आपल्याला एका पत्रात बसवण्याचे काही कारण नव्हते. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीत जे घडले त्याबद्दल मी प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहिले, तेव्हा प्रत्येकाने मला उरलेल्या दोघांकडे बोट दाखवले. पुरवठादाराने लेखी कळवले की ग्राहकाच्या उपकरणांची सुरक्षा ही आमची जबाबदारी नाही, वेग कमी पडत असेल तर वरचा प्लॅन घ्यावा. कॅमेऱ्याच्या ठेकेदाराने सांगितले की पासवर्ड बदललात तर मेंटेनन्सच्या करारात आम्ही काही पाहू शकणार नाही. आमच्या समितीने विषय "पुढील सर्वसाधारण सभेत घेऊ" असा शेरा मारून फाइलला लावला. ही तीन उत्तरे शेजारी ठेवून वाचली की कोणाचेच चुकत नाही असे वाटते. नेमक्या याच कारणामुळे हे पत्र खुले लिहावे लागत आहे.

माझा संबंध सांगते. मी ऐरोलीला राहते आणि टीटीसी औद्योगिक पट्ट्यातील एका डेटा सेंटरच्या नेटवर्क विभागात काम करते. संकेतस्थळांवर बाहेरून येणारे लोंढे अडवणे हा माझ्या नोकरीचा रोजचा भाग आहे. महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात देशातील मोठमोठी डेटा सेंटरे उभी आहेत आणि महाराष्ट्र सायबरचे मुख्यालयही महाप्यातच आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या आम्हा लोकांच्या जिन्याखालच्या स्विचमधून (इमारतीतील इंटरनेटच्या तारा जोडणाऱ्या खोक्यातून) आणि वॉचमनच्या केबिनमधून दुसऱ्याच कोणावर तरी हल्ला होत असावा, आणि ते दाखवून दिल्यावरही कोणाला काही वाटू नये, हे मला गप्प राहून मान्य करता येत नाही.

घडले ते थोडक्यात असे. संध्याकाळनंतर इमारतीतील सगळ्यांचेच इंटरनेट रांगू लागले. घरून काम करणाऱ्यांच्या बैठका तुटू लागल्या, आणि काही संकेतस्थळे आमच्या लाइनवरून उघडताना "तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा" म्हणून पुन्हा पुन्हा सिग्नल आणि सायकलींची चित्रे निवडायला लावू लागली. लाइनमन येऊन केबल बदलून गेला, फरक पडला नाही. शेवटी सेक्रेटरींच्या परवानगीने मी केबिनमधले खोके पाहिले. लाकडी फळीवर, भेटीला येणाऱ्यांच्या वहीशेजारी, आठ कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, म्हणजे डीव्हीआर, ठेवलेले होते. कॅमेरे मोबाइलवर दिसावेत म्हणून संस्थेने स्टॅटिक आयपी, म्हणजे कायम एकच राहणारा इंटरनेटचा पत्ता, घेतला होता आणि ठेकेदाराने सगळी पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून यंत्रात शिरण्याची दारे, बाहेरच्या जगाला उघडी करून ठेवली होती. खोक्यावरच्या चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलेला वापरकर्ता "ॲडमिन" आणि पासवर्ड १२३४५६. मध्यरात्री एकही माणूस कॅमेऱ्याचे चित्र पाहत नसताना त्या डीव्हीआरच्या इंटरनेट केबलजवळचा दिवा न थांबता लुकलुकत होता, आणि स्विचच्या नोंदीत बाहेर जाणारी वाहतूक आत येणाऱ्या वाहतुकीच्या कितीतरी पट होती. ते यंत्र कोणा तिसऱ्याच्या हुकमाने, आम्ही नावही न ऐकलेल्या एका संकेतस्थळावर पाकिटांचा, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांचा, मारा करत होते. त्यात आमच्या सर्वांच्या लाइनी गुदमरत होत्या, आणि आमचा पत्ता जगाच्या काळ्या यादीत जात होता.

या प्रकाराला सेवा नाकारण्याचा विखुरलेला हल्ला, म्हणजेच डीडॉस, म्हणतात. ज्यांना तो परिचित नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते : ठाणे स्थानकाच्या तिकीट खिडकीशी शेकडो माणसांनी रांग लावावी, प्रत्येकाने कर्जतचे भाडे विचारावे आणि तिकीट न काढता पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहावे, तर खिडकीची काच न फोडताही ती बंद पडते. संकेतस्थळाचे तसेच होते. डेटा चोरला जात नाही, पण खरा गिऱ्हाईक आत पोचू शकत नाही.

आता माझ्या तक्रारी मांडते. त्यांच्यासोबत थोडा इतिहासही येईल, कारण आपण तिघांनी दिलेली उत्तरे नवी नाहीत आणि त्यांचे परिणाम जगाने यापूर्वी भोगलेले आहेत.

पहिली तक्रार पुरवठादारांकडे आहे, आणि ती सर्वांत जुनी आहे. १९९६ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कमधील पॅनिक्स या जुन्या इंटरनेट पुरवठादाराची सेवा अनेक दिवस कोलमडली. हल्लेखोराची युक्ती साधी होती. दोन संगणक बोलू लागण्यापूर्वी एक "मी बोलू का" असे विचारतो, दुसरा "बोल" म्हणून उत्तर देतो आणि पहिल्याच्या होकाराची वाट पाहतो. हल्लेखोराने खोटे परतीचे पत्ते लावून असे प्रश्न सतत पाठवले. पॅनिक्सचे सर्व्हर अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यांच्या होकाराची वाट पाहत राहिले आणि वाट पाहण्यासाठीची त्यांची जागा भरून गेली. सर्व्हरच्या बाजूने यावर उपाय निघाला, परंतु मुळाशी असलेला प्रश्न वेगळा होता : आपल्या जाळ्यातील ग्राहक दुसऱ्याचा पत्ता लावून पाकीट बाहेर पाठवत असेल, तर त्याच्या पुरवठादाराने ते जाऊच का द्यावे? जो पत्ता आपण ग्राहकाला दिला आहे तोच पाकिटावर आहे की नाही, एवढे तपासणे पुरवठादाराला सहज शक्य असते. ही शिफारस जानेवारी १९९८ मध्ये इंटरनेटच्या मानकांच्या दस्तऐवजांत आली आणि मे २००० मध्ये ती सुधारून "सर्वोत्तम प्रचलित पद्धत क्रमांक ३८" म्हणून पुन्हा प्रसिद्ध झाली. पंचवीस वर्षे उलटून गेली आहेत. बहुतेक राउटरमध्ये यासाठी सेटिंगच्या एक-दोन ओळी पुरतात. तरीही, आमच्या पुरवठादाराच्या तांत्रिक विभागाला मी याबद्दल विचारले तेव्हा फोनवरच्या गृहस्थांनी ही कोणत्या कंपनीची योजना आहे असे मला विचारले.

ही ओळ न लिहिल्याने काय होते, तेही नोंदवून ठेवलेले आहे. खोटा पत्ता चालतो म्हटल्यावर हल्लेखोर थेट मारा न करता तिसऱ्याकडून करवून घेतो. ज्याच्यावर हल्ला करायचा त्याचा पत्ता परतीचा म्हणून लावायचा आणि जगभरच्या उघड्या डीएनएस सर्व्हरना (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या संगणकांना) छोटा प्रश्न विचारायचा, म्हणजे सगळी लांबलचक उत्तरे बळीच्या दारात जाऊन पडतात. मार्च २०१३ मध्ये स्पॅमविरोधी काम करणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेवर असा सुमारे ३०० गिगाबिट प्रति सेकंदाचा लोंढा सोडण्यात आला. पुढच्याच वर्षी संगणकांची घड्याळे जुळवणाऱ्या एनटीपी सर्व्हरचा तसाच वापर झाला आणि आकडा ४०० गिगाबिटांपर्यंत गेला. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळावर १.३५ टेराबिट (एक टेराबिट म्हणजे हजार गिगाबिट) प्रति सेकंदाचा मारा झाला, त्यात इंटरनेटवर उघडे पडलेले मेमकॅश्ड सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळे लवकर उघडावीत म्हणून माहिती तात्पुरती साठवणारे सर्व्हर, वापरले गेले. त्यांच्याकडून एका छोट्या प्रश्नाला पन्नास हजार पटीपर्यंत मोठे उत्तर मिळवता येत होते. गिटहब काही मिनिटांत सावरले, कारण वाहतूक गाळून देणाऱ्या मोठ्या कंपनीकडे ती वळवण्याची त्यांची तयारी होती. ज्याच्याकडे अशी तयारी आणि पैसा नाही त्याने काय करायचे, याचे उत्तर गिटहबच्या उदाहरणात नाही.

आणि पुरवठादारहो, आपण या गोष्टीचे केवळ प्रेक्षक नाही. जुलै २०१६ मध्ये मुंबईतील अनेक छोट्या इंटरनेट पुरवठादारांवर असाच हल्ला झाला होता, हजारो ग्राहकांची सेवा खोळंबली होती आणि पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेला होता. तेव्हा आपल्या व्यवसायातील लोक पोलिसांच्या दारात बळी म्हणून उभे होते. त्याच व्यवसायाने आज "आमची जबाबदारी नाही" असे ग्राहकाला लिहून कळवावे, याचे मला आश्चर्य वाटते.

दुसरी तक्रार कॅमेऱ्याच्या ठेकेदारांकडे आहे आणि तिच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आमच्या केबिनमधल्या डीव्हीआरच्या बाबतीत पत्ता खोटा नव्हताच. पाकिटांवर आमचाच, खराखुरा पत्ता होता. म्हणजे पुरवठादाराने उद्या पत्त्याची तपासणी सुरू केली तरी हा प्रकार थांबणार नाही. तो थांबवणे आपल्या हातात आहे.

दुसऱ्यांची यंत्रे त्यांच्या नकळत गोळा करून हल्ला करण्याचे तंत्र ऑगस्ट १९९९ मध्ये प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसले. मिनेसोटा विद्यापीठाच्या एका संगणकावर किमान २२७ यंत्रांनी एकत्र मारा केला आणि तो दोन दिवसांहून अधिक काळ बंद राहिला. त्या यंत्रांच्या मालकांना याची कल्पनाही नव्हती. त्यानंतरची काही वर्षे असा वापर घरच्या आणि महाविद्यालयांतल्या संगणकांचा होत असे. २०१६ मध्ये मिराई नावाचा प्रोग्राम आला आणि चित्र बदलले. मिराईला संगणक नको होते. तो इंटरनेटवर फिरून टेलनेटची (यंत्र लांबून चालवण्याच्या जुन्या सोयीची) उघडी पोर्ट शोधत असे आणि साठेक ठरावीक नावे-पासवर्ड लावून पाहत असे, कारखान्यातून जसे येतात तसे. एवढ्या भांडवलावर त्याने उच्चांकी काळात सुमारे सहा लाख यंत्रे ताब्यात घेतली. त्यांत प्रामुख्याने कॅमेरे, डीव्हीआर आणि घरगुती राउटर होते. सप्टेंबर २०१६ मध्ये सायबर गुन्ह्यांवर लिहिणाऱ्या एका अमेरिकी पत्रकाराच्या संकेतस्थळावर ६२० गिगाबिटांचा हल्ला झाला, तेव्हा त्याला विनामूल्य संरक्षण देणाऱ्या कंपनीनेही हात टेकले. त्यानंतर मिराईचा मूळ कोड कर्त्यांनीच उघड केला. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डीन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट, स्पॉटिफाय ही संकेतस्थळे अमेरिकेच्या मोठ्या भागात काही तास उघडेनात. त्यांच्यापैकी एकावरही थेट हल्ला झालेला नव्हता. त्यांचे पत्ते सांगणारी कंपनीच बंद पडली होती.

आता आपण मला जे सांगितले त्याकडे येते. "पासवर्ड बदलला तर आम्हाला लांबून दुरुस्ती करता येणार नाही." अहो, आपल्याला लांबून आत येता येते म्हणजे इतरांनाही येते, हे वेगळे सांगायला हवे का? शिवाय नुसता पासवर्ड बदलणेही पुरेसे नसते. मिराईच्या तडाख्यात सापडलेल्या काही कॅमेऱ्यांत मालकाने आपल्या पानावरून पासवर्ड बदलला तरी आतला टेलनेटचा पासवर्ड कारखान्यातलाच राहत असे आणि मालकाला तो दिसतही नसे. डीनवरील हल्ल्यानंतर अशा सुट्या भागांच्या एका चिनी उत्पादकाला अमेरिकेतून काही उत्पादने परत मागवावी लागली. यंत्र बंद करून चालू केले की मिराई पुसला जातो हे खरे, कारण तो केवळ चालू स्मृतीत राहतो. परंतु तेच पोर्ट आणि तोच पासवर्ड कायम असेल तर काही मिनिटांत तो पुन्हा येऊन बसतो. म्हणून "वॉचमनला सांगा, रोज सकाळी स्विच बंद-चालू कर" हा आपल्या माणसाने दिलेला सल्ला मी स्वीकारू शकले नाही.

हे परदेशातले आहे असे म्हणून बाजूला ठेवू नये. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो ब्रॉडबँड ग्राहकांचे मोडेम एका दुष्ट प्रोग्रामने निकामी केले. ज्या मोडेमचे पासवर्ड मुळातले, "ॲडमिन" असे होते, ते सापडले, आणि कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे जाहीर आवाहन करावे लागले. त्यानंतर ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना एकच, सहज ओळखता येणारा पासवर्ड असलेली उपकरणे विकण्यास कायद्यानेच बंदी घातली. भारत सरकारनेही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी ठरवून ९ एप्रिल २०२५ पासून विक्रीपूर्वी त्यांची तपासणी बंधनकारक केली. पण हा नियम नव्या मालासाठी आहे. वाशीपासून घोडबंदर रोडपर्यंतच्या इमारतींत आधीच लटकत असलेल्या कॅमेऱ्यांना तो लागू नाही, आणि ते कॅमेरे कोणी बसवले हे आपल्याइतके कोणालाच माहीत नाही.

तिसरी तक्रार सोसायट्यांच्या समित्यांकडे आहे. आमच्या सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "आपल्यासारख्यांवर कोण कशाला हल्ला करील?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तर देते. एक तर हल्ला आपल्यावर होत नव्हता, आपल्याकडून होत होता. दुसरे, असे हल्ले करण्यासाठी फार मोठा शत्रू लागत नाही. फेब्रुवारी २००० मध्ये याहू, ईबे, ॲमेझॉन आणि सीएनएन ही त्या वेळची सर्वांत मोठी संकेतस्थळे एका आठवड्यात एकामागून एक बंद पडली, तेव्हा त्यामागे "माफियाबॉय" असे टोपणनाव घेणारा माँट्रियलचा एक पंधरा वर्षांचा मुलगा निघाला. त्याला पुढच्या वर्षी आठ महिन्यांची कोठडी झाली. मिराई लिहिणारे तिघेही विशीच्या आसपासचे अमेरिकी तरुण होते, त्यांतला एक न्यू जर्सीच्या विद्यापीठात शिकत होता, आणि त्यांच्या उद्योगाची सुरुवात माइनक्राफ्ट या मुलांच्या खेळाचे सर्व्हर पाडण्याच्या स्पर्धेतून झाली होती. डिसेंबर २०१७ मध्ये तिघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. आणि ज्याला स्वतः काही लिहिता येत नाही त्याच्यासाठी हल्ला भाड्याने मिळतो. एप्रिल २०१८ मध्ये युरोपीय पोलिसांनी वेबस्ट्रेसर नावाचे असे एक दुकान बंद केले, तेव्हा त्याचे १,३६,००० नोंदणीकृत ग्राहक होते आणि महिन्याचे भाडे १५ युरोपासून सुरू होत होते.

अशा भाड्याच्या हल्ल्याचा अनुभव आमच्या कुटुंबाला आहे. माझ्या भाचीचा ठाण्यात नौपाड्यात दहावी-बारावीचा शिकवणीवर्ग आहे. सराव परीक्षेच्या संध्याकाळी तिचे संकेतस्थळ खाली गेले. कोणी केले ते आजवर कळलेले नाही. मुलांपैकीच कोणीतरी परीक्षा पुढे ढकलायला केले असेल असे ती हसून म्हणते, मला त्यात हसण्यासारखे वाटत नाही. तिचे संकेतस्थळ आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या होस्टिंग कंपनीने काय केले, तर तिचा पत्ताच जाळ्यातून काढून टाकला, म्हणजे त्या पत्त्यावर येणारे सगळे, खरे आणि खोटे, वाटेतच टाकून दिले जाऊ लागले. त्याच सर्व्हरवरच्या इतर ग्राहकांना वाचवण्यासाठी कंपनीला ते करावे लागले हे मला माझ्या कामामुळे समजते. तरी परिणाम असा झाला, की हल्लेखोराचे उरलेले काम कंपनीनेच पूर्ण करून दिले. त्या संध्याकाळी तिच्या संकेतस्थळावर आदळलेल्या पाकिटांत आपल्यापैकी कोणाच्या केबिनमधली पाकिटे होती का, हे तपासण्याचा कोणताही मार्ग तिच्याकडे नाही.

पदाधिकाऱ्यांना एस्टोनियाचे उदाहरणही सांगितले पाहिजे, कारण तो देश आपल्या आकाराचा आहे. खरे तर आपल्याहून लहान. त्याची लोकसंख्या तेरा-चौदा लाख, आणि एकट्या ठाणे शहराची २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांवर होती. एप्रिल २००७ मध्ये तेथील सरकारने राजधानी टॅलिनमधील सोव्हिएत काळातील एका सैनिकाचा पुतळा हलवला. त्यावरून दंगल उसळली आणि पाठोपाठ संसद, मंत्रालये, बँका आणि वर्तमानपत्रे यांच्या संकेतस्थळांवर लोंढे सुरू झाले. ते सुमारे तीन आठवडे अधूनमधून येत राहिले. शेवटी काही संस्थांनी परदेशातून येणारी वाहतूकच तोडली. देशाबाहेरच्या लोकांना तेथील बँक किंवा वर्तमानपत्र उघडता येईना, पण देशातला व्यवहार चालू राहिला. तो हल्लाही जगभरच्या सामान्य लोकांच्या बिघडलेल्या संगणकांतूनच आला होता. पाणीपट्टी, मालमत्ता कर, शाळा प्रवेश, रुग्णालयाची वेळ हे सगळे आपण आता मोबाइलवरून करतो. आपल्याच शहराच्या सेवा पाडायला आपल्याच इमारतींमधली खोकी वापरली जाऊ शकतात, हे समितीच्या विषयपत्रिकेत रंगकामाच्या कोटेशनच्या खाली ढकलण्यासारखे नाही.

चौथी तक्रार तिघांकडे समान आहे : कोणी कोणाला कळवत नाही. सीईआरटी-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटरे आणि कंपन्यांनी डीडॉससारख्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत आणि नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. या यादीत इंटरनेटशी जोडलेल्या कॅमेऱ्यासारख्या उपकरणांवरील हल्लेही येतात. फेब्रुवारी २०१७ पासून सायबर स्वच्छता केंद्र आहे, बिघडलेली यंत्रे शोधून ती स्वच्छ करण्यासाठीच ते काढलेले आहे, त्याची साधने विनामूल्य आहेत आणि बाधित पत्त्यांची माहिती ते पुरवठादारांना देते. मग ती माहिती ग्राहकापर्यंत का येत नाही? बिल थकले तर दुसऱ्या दिवशी सकाळी मराठीत संदेश येतो. डीव्हीआर बिघडल्याचा संदेश पाठवायला भाषा आड येत नसावी.

हे सर्व आता पूर्वीपेक्षा तातडीचे का आहे, तेही नोंदवते. पूर्वी घरच्या लाइनचा बाहेर पाठवण्याचा वेग किरकोळ असे. आता फायबरमुळे आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा वेग बहुधा सारखाच असतो आणि अनेक घरे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वाहतूक बाहेर ढकलू शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये संकेतस्थळांना असे संरक्षण देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने २२.२ टेराबिट प्रति सेकंदाचा हल्ला अडवल्याचे जाहीर केले. तो जेमतेम चाळीस सेकंद चालला. स्पॅमहाउसवरील हल्ल्याच्या तो सत्तर पटींहून मोठा होता. एवढ्या वेळात माणूस फोनही उचलत नाही, त्यामुळे तक्रार आल्यावर बघू हे धोरण येथे चालणारच नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत.

पुरवठादारांनी आपल्या जाळ्यातून खोट्या पत्त्याची पाकिटे बाहेर जाऊ देऊ नयेत आणि आपण हे करतो की नाही ते ग्राहकांना लेखी सांगावे. घरगुती आणि सोसायटीच्या लाइनवर बाहेरून येणारी टेलनेटची २३ आणि २३२३ ही पोर्ट, तसेच राउटरच्या दूरस्थ व्यवस्थापनाचे ७५४७, ग्राहकाने मागितल्याखेरीज बंद ठेवावीत. यातल्या शेवटच्या पोर्टामुळे नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत एका कंपनीच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत झाली होती. एखाद्या लाइनवरून बाहेर जाणारी वाहतूक अचानक असामान्य वाढली तर ग्राहकाला कळवावे, आणि कळवताना वरचा प्लॅन विकू नये. छोट्या केबलचालकांचा नफा किती तुटपुंजा असतो याची मला कल्पना आहे, म्हणून महागडी यंत्रे घ्या असे मी म्हणत नाही. जी आहेत त्यांतील सोय चालू करा एवढेच म्हणते.

ठेकेदारांनी बसवलेल्या प्रत्येक डीव्हीआरचा पासवर्ड वेगळा ठेवून तो समितीच्या हवाली करावा, चिकटपट्टीवर लिहू नये. उत्पादकाने नवे सॉफ्टवेअर दिले असेल तर ते मेंटेनन्सच्या करारात धरून घालावे, आणि ज्या यंत्राला उत्पादक ते देतच नाही ते बदलायला हवे असे ग्राहकाला तोंडावर सांगावे. मोबाइलवर चित्र दिसण्यासाठी सगळी पोर्ट उघडण्याची गरज नसते. सुरक्षित मार्गाने ते कसे करायचे हे आपल्या माणसांना शिकवावे. पासवर्ड बदलल्यास मेंटेनन्स नाही ही अट करारातून काढावी.

समित्यांनी पुढच्या सभेची वाट न पाहता संस्थेच्या मालकीच्या कॅमेरे, राउटर, बूम बॅरियर आणि इंटरकॉम यांची एक यादी करावी, प्रत्येकासमोर ते कोणी बसवले आणि पासवर्ड कोणाकडे आहे हे लिहावे, आणि कॅमेऱ्यांची लाइन सभासदांच्या लाइनींपासून वेगळी करून घ्यावी. नवे कोटेशन मागवताना ९ एप्रिल २०२५ च्या नियमानुसार तपासलेलाच माल हवा अशी ओळ त्यात घालावी. सर्वांत स्वस्त कोटेशनवर सही करण्याची आपली सवय मला ठाऊक आहे. या एका बाबतीत ती मोडावी.

आमच्या इमारतीतला डीव्हीआर सध्या मी सेक्रेटरींच्या संमतीने इंटरनेटवरून काढून ठेवला आहे, रेकॉर्डिंग चालू आहे, मोबाइलवर चित्र दिसत नाही आणि त्याबद्दल दोन सभासदांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. ती तक्रार आणि हे पत्र एकत्रच विशेष सर्वसाधारण सभेत घ्यावे असे मी समितीला लेखी कळवले आहे. पुरवठादार आणि ठेकेदार या दोघांनाही त्या सभेला बोलावण्याची माझी विनंती आहे. आलात तर स्विचच्या नोंदी मी समोर ठेवीन, आणि परिसरातील ज्या संस्थांना आपली यादी करून हवी असेल त्यांच्याकडे सुट्टीच्या दिवशी येऊन ती विनामूल्य करून देईन. आपले उत्तर लेखी यावे, आणि या वेळी ते दुसऱ्या कोणाकडे बोट न दाखवता स्वतःपुरते असावे.

कळावे,

आपली,
ऐरोली येथील एक सभासद आणि ग्राहक